बिनब्रेकची सायकल आणि अभिजाततेचा शिक्का

"अभिजात गाणं ओळखायला मला दोन ओळी पुरतात," असं तबकडीकाका नभोवाणी केंद्राच्या संचालिकाबाईंना म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण कलिंगडवाला जसा टिचकी मारून आत लाल आहे की पांढरं हे सांगतो, तसं आपण सुई टेकवली की सांगतो, असंही त्यांनी वर जोडलं. बाईंनी ते लगेच मनावर घेतलं. वरिष्ठांनी आपलं बोलणं मनावर घ्यावं असं काकांना नोकरीभर वाटत आलं होतं, आणि नेमकं ते या बाबतीत झालं.

केंद्र नव्या, लहान इमारतीत हलणार होतं. जुन्या इमारतीत रेकॉर्डांची एक अख्खी खोली होती, जमिनीपासून छतापर्यंत फळ्याच फळ्या. काकांची निम्मी हयात त्या खोलीत धूळ पुसण्यात गेली होती आणि उरलेली खोकण्यात. नव्या इमारतीत त्या खोलीच्या जागी जिना आला होता. रेकॉर्डांच्या वाट्याला एक कपाट. तेव्हा बाईंनी असं ठरवलं, की लोकप्रिय गाण्यांपैकी जी खरोखर अभिजात म्हणण्याजोगी असतील ती कपाटात जातील आणि बाकीची भंगारात. त्यांनी 'अभिजात' असा एक रबरी शिक्काही करून आणला आणि काकांच्या हाती दिला.

पहिल्या दिवशी काकांनी शिक्का असा काही चालवला, की शेजारच्या खोलीतल्या हिशेबनीसाला सुतारकाम चाललंय असं वाटलं. दुसऱ्या दिवशी आवाज मंदावला. तिसऱ्या दिवशी काका शिक्का हातात धरून नुसते बसले होते. भानगड अशी झाली होती, की सकाळी ऐकलेलं प्रत्येक गाणं अभिजात वाटे, आणि जेवणानंतर ऐकलेलं एकही वाटत नसे. एकेकाळी गल्लोगल्ली वाजलेली गाणी होती ही. काही नटीच्या केसांमुळे गाजली होती, काही साबणाच्या जाहिरातीत वाजली म्हणून, आणि काही तर त्या वर्षी दुसरं काहीच आलं नव्हतं म्हणून. त्यांतलं गाणं किती आणि बाकीचं किती, हे वेगळं काढता काढता काकांचं डोकं पिंजून निघालं. प्रत्येक दुसऱ्या गाण्यात चंद्र होता. चंद्राचा काकांना इतका वीट आला, की घरी जाताना ते मान वर करेनासे झाले.

त्यात शिक्का काकांच्या हाती असल्याची बातमी केंद्रात फुटली. निवेदिका येऊन सांगून गेली, की अमुक गाणं लागलेलं असताना तिने लग्नाला होकार दिला होता, तेव्हा ते ठेवाच. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा, जो केंद्रातच यंत्रं सांभाळायचा, येऊन म्हणाला की ते गाणं जाऊ द्या. हिशेबनीसाला त्याच्या मामांच्या मित्राने तबला वाजवलेली सगळी गाणी हवी होती. बाईंचं म्हणणं, जे लोक अजूनही पत्र पाठवून मागतात ते अभिजात. केंद्रावर वर्षानुवर्षं गायनाचे पाठ देणारे गायनमास्तर नेमके उलट म्हणाले, की जे लोकांना पाठ झालं त्यातला अभिजातपणा तिथेच संपला. काकांनी दोघांचंही ऐकून घेतलं. मान डोलावून त्यांची मान मात्र दुखायला लागली.

हे सगळं निभावलं असतं, कारण केंद्रातली माणसं संध्याकाळी आपापल्या घरी जातात. खरा पेच काकांच्या स्वतःच्या घरात बसला होता, आणि तो त्यांच्या शर्टांना इस्त्री करत होता.

काकांच्या बायकोचे थोरले भाऊ, ज्यांना घरात सगळे दादा म्हणत, आपल्या इमारतीची डागडुजी चालल्यामुळे काही महिने यांच्याकडे राहायला आले होते. दादा पाणीपुरवठा कचेरीतून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे, शांत गृहस्थ. पण तरुणपणी त्यांनी एक गाणं गायलं होतं. 'बाजूला व्हा हो बाजूला व्हा, ब्रेक नाही सायकलला' असं ते गाणं, आणि प्रत्येक ओळीनंतर 'ट्रिंग ट्रिंग'. त्या वर्षी ते इतकं वाजलं, इतकं वाजलं, की लोक खऱ्या सायकलच्या घंटीला बाजूला होईनासे झाले. पुढे दादांची दुसरी रेकॉर्ड काही निघाली नाही. पण अजूनही रस्त्यात कुणी जुना माणूस त्यांना ओळखून हवेत अंगठा दाबायचा, घंटी वाजवल्यासारखा, आणि दादा मान लववून पुढे जायचे.

शिक्क्याची गोष्ट घरात कळली आणि दादा एकदम बदलले. आधी पाहुण्यासारखे वागायचे, ते आता सकाळी काकांच्या आधी उठून चहा टाकू लागले. काकांचे शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर लावून ठेवू लागले. काका दमून आले की त्यांच्या हातातली पिशवी दारातच घेत. काकांना पहिल्या शर्टालाच सगळं समजलं. हा वशिला होता, आणि कडक इस्त्रीचा होता.

एकदा चहा देताना दादा म्हणाले, "भावजी, माझं गाणं निवडीला येईल तेव्हा नातं मध्ये आणू नका. अगदी कठोर व्हा."

काकांनी मान हलवली. माणूस 'कठोर व्हा' म्हणतो तेव्हा त्याला काय हवं असतं, हे काय काकांना समजत नव्हतं?

"माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला कळलंच असेल," दादा हळूच म्हणाले.

"कळलं," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी बायकोने भाजी निवडता निवडता विचारलं, की दादाच्या गाण्याचं काय ठरलं. काकांनी अजून ठरलं नाही असं सांगितलं. त्यावर ती म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. त्या घरात या वाक्याइतकं धोक्याचं दुसरं वाक्य नव्हतं. याआधी ते दोनदा वापरलं गेलं होतं, आणि एकदा त्यातून नवी गादी आली होती.

दुसऱ्या दिवशी काकांनी दार लावून सायकलचं गाणं ऐकलं. दोन ओळीसुद्धा लागल्या नाहीत, दीड ओळीतच निकाल लागला. हे गाणं अभिजात असेल तर केंद्राच्या फाटकाची करकरही अभिजात होती. काकांनी ती रेकॉर्ड भंगाराच्या ढिगावर ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली. मग त्यांच्या डोळ्यांसमोर घर आलं, आणि त्या घरात आपल्याला निवृत्तीनंतर दिवसभर राहायचं आहे हेही आलं. त्यांनी डोळे मिटले आणि शिक्का मारला. इतका हळू, की शाई नीट उमटलीही नाही, आणि पुन्हा मारावा लागला.

आठवड्याच्या शेवटी बाई आणि गायनमास्तर निवड बघायला आले. मास्तर एकेक रेकॉर्ड पाहत होते, नाक मुरडत होते आणि खाली ठेवत होते. सायकलच्या गाण्यापाशी ते थबकले. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी त्यांनी ती दोन बोटांत उचलली.

"हे?" ते म्हणाले.

खरं सांगून टाकावं असं काकांच्या ओठांवर आलं होतं. मेहुण्याचं आहे, घरात राहतोय, समजून घ्या. पण बाई समोर होत्या, आणि त्यांना कलिंगडाचं वाक्य पाठ होतं. काका इतके दमले होते, की विचार करायची शक्ती उरली नव्हती, आणि विचार न करता माणूस फार छान बोलतो.

"मास्तर," ते म्हणाले, "तो म्हणतो, सायकलला ब्रेक नाही. मी विचारतो, कुणाच्या सायकलला आहे? आपण सगळे उतारावरच आहोत. थांबणं आपल्या हातात नाही. हातात काय, तर एक घंटी. येतोय, एवढंच सांगायचं, आणि पुढे जायचं."

बोलून झाल्यावर काकांनी मागे वळून पाहिलं, हे कोण बोललं म्हणून. गायनमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुन्हा काढला. मग त्यांनी ती रेकॉर्ड दोन्ही हातांनी, जपून, कपाटाच्या बाजूला ठेवली. आपण आयुष्यभर हे गाणं वरवर ऐकलं, असं ते बाईंना म्हणाले.

बाईंना असं काही हवंच होतं. त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की नव्या इमारतीतलं प्रसारण याच गाण्याने सुरू होईल, गायकाला मानाचा पाहुणा म्हणून बोलावलं जाईल, आणि काकांचे हे विचार वर्तमानपत्राला दिले जातील. काका नको नको म्हणत राहिले. सगळ्यांना तो विनय वाटला.

घरी जाताना मात्र काकांना बरंही वाटत होतं. तत्त्व गेलं होतं, पण घरात आता आयुष्यभराची शांतता होती. दारात नेहमीप्रमाणे दादांनी पिशवी घेतली. काकांनी बूट काढायच्या आधीच बातमी सांगितली. शिक्का बसला, नुसता बसला नाही, पहिलं गाणं तेच, आणि तुम्ही मानाचे पाहुणे.

दादांच्या हातून पिशवी खाली पडली. ते स्टुलावर बसले. आतून बायको बाहेर आली, तिने एकदा भावाकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"मी तुम्हाला कठोर व्हा म्हणालो होतो," दादा शेवटी म्हणाले.

"हो, म्हणून तर…"

"ते भंगारात जावं म्हणून म्हणालो होतो, भावजी. रोज सकाळी उठून चहा कशासाठी करत होतो मी?"

आणि मग दादांनी, जे सहसा चार वाक्यांच्या वर बोलत नसत, सगळं सांगितलं. ते गाणं त्यांचं नव्हतंच. ज्याचं होतं त्याचा घसा बसला म्हणून त्या दिवशी स्टुडिओत हजर असलेल्या दादांना उभं केलं गेलं. त्यानंतर त्यांनी कुठेही काहीही गायला बसावं आणि मागून कुणीतरी सायकल मागावी. कचेरीत पाण्याची तक्रार घेऊन आलेली माणसं आधी अंगठ्याने घंटी वाजवायची आणि मग नळ कोरडा आहे म्हणून सांगायची. स्वतःच्या लग्नात ते बोहल्यावर चढत असताना वाजंत्र्यांनी हेच वाजवलं होतं. वडील गेले तेव्हा भेटायला आलेल्या एका गृहस्थाने निघताना जिन्यात शीळ घातली, आणि शीळ कसली होती हे घरात प्रत्येकाला कळलं. एवढी वर्षं वाट पाहिली, की लोक विसरतील. आता कुठे विसरत आले होते.

काकांनी बायकोकडे पाहिलं. "तू विचारलंस ना, दादांच्या गाण्याचं काय ठरलं?"

"म्हणजे गेलं का एकदाचं, असं विचारत होते," ती म्हणाली. "तुम्ही त्याचं गाणं ठेवाल असं माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. तुम्हाला गाण्यातलं कळतं म्हणून."

काका खाली बसले. एका बुटाची नाडी सुटलेली आणि एकाची बांधलेली, असे ते बसून राहिले.

"आणि त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूला माझं खरं गाणं आहे," दादा म्हणाले. "मी स्वतः चाल लावलेलं. विरहाचं. सहा महिने बसलो होतो त्याच्यावर. पण आजवर एकाही माणसाने ती रेकॉर्ड उलटली नाही."

काकांनीही उलटली नव्हती, आणि ते दादांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. बायको काहीतरी उतू जातंय असं म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवशी काका निर्णय फिरवायला केंद्रात गेले. पण बाईंची निमंत्रणं गेली होती आणि वर्तमानपत्रात काकांचं वाक्य मोठ्या अक्षरांत आलं होतं. गायनमास्तरांकडे जावं, तर ते आपल्या शिष्यांना समोर बसवून 'ट्रिंग ट्रिंग' शिकवत होते. पहिला ट्रिंग म्हणजे जन्म, असं काहीसं ते सांगत होते. काका दारातूनच परतले.

तेव्हा थकलेल्या माणसाला सुचतं तसं, सर्वांत सोपं ते काकांना सुचलं. रेकॉर्ड तीच, गायक तोच, पाहुणा तोच. फक्त बाजू बदलायची. त्यांनी हे दादांना सांगितलं तेव्हा दादा एकदम उभे राहिले, आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी काकांच्या शर्टाबरोबर चादरीलाही इस्त्री केली. काकांनी ते गाणं आधी ऐकून मात्र पाहिलं नाही. ऐकलं तर मत होईल, आणि मत झालं तर पंचाईत होईल, हे आता त्यांना चांगलंच समजलं होतं.

नव्या इमारतीत उद्घाटनाला बाई, मास्तर आणि पाहुणे मंडळी स्टुडिओच्या काचेबाहेर खुर्च्यांवर बसली. दादा पहिल्या खुर्चीत, शेजारी बहीण. काकांनी आतून तबकडी चढवली, उलटी, आणि सुई टेकवली.

आधी बराच वेळ तंबोरा वाजला. मग आणखी थोडा तंबोरा वाजला. मग दादांचा तरुणपणीचा आवाज आला, 'गे' एवढाच, आणि तो 'गे' इतका लांबला, की काकांनी सुई अडकली का म्हणून वाकून पाहिलं. सुई नीट होती. मग पुन्हा तंबोरा. दुसऱ्या शब्दापर्यंत पोचेस्तोवर मास्तरांनी घड्याळ पाहिलं होतं. दादा डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकत होते.

इतक्यात बाहेरचा फोन वाजला. पाठोपाठ दुसरा. टेलिफोनवरची बाई आधी हळू आवाजात बोलत होती, मग ती उठून संचालिकाबाईंच्या कानाशी लागली. गोष्ट अशी होती, की केंद्रावरून इतकं संथ आणि इतकं दुःखी काही फक्त एकाच प्रसंगी वाजायचं, कुणी फार मोठं माणूस गेलं की. लोक घाबरून विचारत होते, कोण गेलं. समोरच्या दुकानदाराने निम्मं शटर खाली ओढलं होतं. एका शाळेने मुलांना रांगेत उभं करून घरी सोडायला सुरुवात केली होती. एका अधिकाऱ्याने फोन करून झापलं, की ही बातमी आम्हाला आधी का कळवली नाही.

बाईंचा चेहरा उतरला. त्या काचेतून काकांना खुणा करू लागल्या. काकांनी खुणा न समजल्याचं दाखवलं. मेहुण्यासाठी एवढं तरी करायला हवं होतं. गाणं दुसऱ्या ओळीत शिरत होतं.

दादांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. फोन वाजतच होते आणि टेलिफोनवरची बाई रडकुंडीला आली होती. दादा खुर्चीतून उठले, तिच्याकडे गेले आणि त्यांनी तिच्या हातून रिसीव्हर घेतला.

पलीकडून कुणीतरी जड आवाजात विचारलं, "कोण गेलं हो?"

"कोणी नाही," दादा म्हणाले. "मी गातोय."

त्यांनी फोन ठेवला, काचेचं दार ढकलून आत आले आणि काकांच्या शेजारी उभे राहिले. गाणं चालूच होतं.

"उलटा ती," दादा म्हणाले.

"अहो, अजून निम्मं बाकी आहे."

"ठाऊक आहे. म्हणूनच म्हणतोय."

काकांनी तबकडी उलटली. सायकल सुरू झाली तसे फोन थांबले. समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं. बाहेर मास्तरांनी डोळ्यांना रुमाल लावला, आणि बाईंनी इतकी मोठी सुटका झाल्यावर माणूस वाजवतो तशा जोरात टाळ्या वाजवल्या. आठ-दहा शाळकरी मुलं, घरी जायला सोडलेली, केंद्राच्या खिडकीखाली उभी राहून ट्रिंग ट्रिंग ओरडत होती. ती पिढी ते गाणं पहिल्यांदाच ऐकत होती. म्हणजे आता आणखी पन्नास वर्षं तरी दादांची सुटका नव्हती.

समारंभ संपल्यावर तिघं पायीच घरी निघाली. बाईंनी काकांना उद्या येऊन भेटायला सांगितलं होतं, आणि त्या कशाबद्दल भेटणार आहेत याचा विचार करायचंही काकांना त्राण नव्हतं. दादांच्या हातात पुष्पगुच्छ होता. तो ते झाडूसारखा खाली धरून चालले होते.

"मला आठवत होतं त्यापेक्षा लांब निघालं," दादा म्हणाले.

काकांनी चालण्याचा वेग वाढवला.

"पण त्या काळी कुणी उलटून ऐकलं असतं, तर कदाचित…"

"दादा," बायको मध्येच म्हणाली. ती दमली होती, तिच्या नव्या चपला चावत होत्या, आणि इतकी वर्षं सांभाळलेलं तिच्याने आता सांभाळवेना. "आपल्या घरी सगळ्यांनी ऐकली होती रे ती बाजू. आईने, बाबांनी, शेजारच्या काकूंनीसुद्धा."

दादा थांबले. "मग कुणी कधी बोललं कसं नाही?"

"तू ती बाजू लावून बसू नयेस म्हणून आई रेकॉर्ड प्लेअर माळ्यावर टाकायला निघाली होती. मी म्हटलं, राहू दे, सायकलचं तरी लावता येईल."

दादांनी पुष्पगुच्छ या हातातून त्या हातात घेतला. काकांना वाटलं, आता हा माणूस रस्त्यातच बसतो. पण ते पुन्हा चालू लागले आणि कोपरा वळले.

"शेजारच्या काकूंनी पूर्ण ऐकलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "त्या मधूनच उठून गेल्या. म्हणाल्या, घरात कोण गेलंय ते आधी सांगायचं तरी."